आधी वारा, मग रस्ता

कतारच्या नकाशावर नदीची निळी रेघ शोधायला गेलात तर सापडणार नाही. या देशात एकही वाहती नदी नाही. वर्षाचा पाऊस सरासरी ७५-८० मिलिमीटर, म्हणजे आंबोलीत जुलैच्या एखाद्या दुपारी पडतो तेवढा. नळाला येणारं पाणीही समुद्राचंच. रास लफान, रास अबू फोंतास, उम्म अल हौल इथल्या प्रकल्पांत खारेपणा काढून गोडं केलेलं. अशा मुलखात गाडीत स्कुबाचं सामान टाकून पाण्यामागे हिंडायचं, असा बेत दोह्यात नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावानं फोनवर सांगितला तेव्हा मला ती थट्टाच वाटली. "दादा, आधी नकाशा समोर घे आणि मग हस," तो म्हणाला.

नकाशा घेतला. अरबस्तानातून उत्तरेकडे आखातात घुसलेलं हे द्वीपकल्प लांबीला साधारण १६० किलोमीटर, रुंदीला ८०-९०. तेवढ्यात किनारा मात्र साडेपाचशे किलोमीटरहून जास्त. तीन बाजूंना समुद्र, आणि आग्नेय कोपऱ्यात तर समुद्रच वाळवंटात शिरून बसलेला. दोहा पूर्व किनाऱ्याच्या मध्यावर आहे. तिथून दक्षिणेला मेसाइद ४५-५० किलोमीटर, पश्चिमेला दुखान ८०-८५, उत्तरेचं रुवैस सव्वाशेच्या आत. रस्ते रुंद आणि गुळगुळीत. कुठलाही किनारा दीड तासाच्या पलीकडे नाही.

या अंतरांमुळे बेत आखण्याची रीतच बदलते. राजस्थान किंवा हिमाचलच्या सहलीत आपण मुक्काम आधी ठरवतो आणि हवामान नशिबावर सोडतो. इथे मुक्काम एकच, दोहा. रोज संध्याकाळी परतायचं, सकाळी उठून वाऱ्याची दिशा पाहायची आणि त्यावरून गाडी कुठल्या रस्त्याला घालायची ते ठरवायचं. कोणता दिवस कोणत्या किनाऱ्याला, हे विमानाचं तिकीट काढताना लिहून ठेवलेलं वेळापत्रक इथे पहिल्याच वादळी सकाळी निकालात निघतं.

शमाल आणि कौस

आखातावर राज्य करतो तो शमाल, वायव्येकडून येणारा वारा. उन्हाळ्यात, विशेषतः जूनच्या आसपास, तो दिवसेंदिवस वाहतो आणि हवेत धूळ भरून टाकतो. हिवाळ्यातही तो दोन-तीन दिवसांच्या झटक्यांनी येतो, आणि तेव्हा थंड असतो. तो सुटला की द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावर, म्हणजे दुखान आणि उम्म बाबच्या बाजूला, लाटा उठतात, तळाची गाळमाती ढवळली जाते आणि पाण्यात हात लांब केला तरी बोटं दिसेनाशी होतात. त्याच वेळी पूर्वेला मेसाइदचा किनारा जमिनीच्या आडोशाला असतो आणि काठाजवळ पाणी सपाट पडलेलं असतं.

उलट दिशेचा वारा म्हणजे कौस, आग्नेयेकडून येणारा, दमट. बहुधा हिवाळ्यात एखादं वादळ जवळ येत असताना तो वाहतो. मग पूर्व किनारा खवळतो आणि पश्चिमेची बाजू शांत होते. थोडक्यात, देश इतका अरुंद आहे की एका अंगाला खराब हवा असली तरी दुसऱ्या अंगाला पोचायला तासभर पुरतो. गाडीचा खरा उपयोग इथे आहे.

यात एक धोका दडलेला आहे. शमाल असताना पूर्व किनाऱ्यावर वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. काठावर उभं राहिल्यावर सगळं निवांत वाटतं, पण पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारा माणूस हळूहळू खोल समुद्राकडे ढकलला जातो. मावसभावाचा नियम साधा होता: परतीचा प्रवास नेहमी तळाजवळून, होकायंत्रावर नजर ठेवून करायचा, वर येऊन पोहत परतायचं नाही. आणि किनाऱ्यावर एक माणूस कोरडा ठेवायचा. ते काम वहिनींनी दुर्बीण आणि चहाचा थर्मास घेऊन आपणहून पत्करलं होतं.

उथळ, खारं, गरम

पर्शियन किंवा अरबी म्हणा, हे आखात फार उथळ आहे. सरासरी खोली अवघी ३५ मीटरच्या आसपास. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुग ऐन भरात असताना, इथे कोरडं खोरं होतं. बर्फ वितळलं, महासागराची पातळी चढली, होर्मुझच्या बाजूनं पाणी आत आलं आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी किनारा जवळपास आजच्या जागी पोचला. म्हणजे कतारच्या काठाला बुडी मारणारा माणूस भूगर्भाच्या हिशेबानं कालपरवापर्यंत कोरड्या असलेल्या मैदानावर फिरत असतो. तळही तसाच, सपाट आणि वाळूचा. जिथे काही उभं आहे, मग तो खडक असो, बुडालेलं तारू असो की जेट्टीचे खांब, तिथे मासे गोळा होतात.

उथळ पाणी लवकर तापतं आणि लवकर निवतं. ऑगस्टमध्ये किनाऱ्याजवळ ते ३४-३६ अंश सेल्सियसपर्यंत जातं, जानेवारी-फेब्रुवारीत १६-१८ पर्यंत उतरतं. जगात इतरत्र ३०-३१ अंशांना पांढरी पडू लागणारी प्रवाळं इथे ३४ अंशांतही तगून राहतात, म्हणून शास्त्रज्ञांचं या आखाताकडे बारीक लक्ष असतं. पण त्या चिवटपणालाही सीमा आहे. १९९६ आणि १९९८ सालच्या उष्णतेच्या लाटांनी इथली फांद्यांची प्रवाळं मोठ्या प्रमाणावर मारली. २०१७ साली आखाताच्या दक्षिण भागाला पुन्हा तसाच तडाखा बसला. त्यामुळे लक्षद्वीप किंवा अंदमानची रंगीत चित्रं मनात घेऊन इथे येऊ नये. दृश्यमानता बरेचदा पाच ते दहा मीटर. इथली मजा जवळून, सावकाश पाहण्याची: वाळूत अंग पुरून बसलेलं पाकट, रंग पालटणारी माकूळ, शेवाळाला शेपूट गुंडाळून राहिलेला समुद्रघोडा, कपारीतून डोळे रोखणारा हमूर, म्हणजे आपला हेकरू.

खारेपणाचा हिशेब मात्र पाण्यात उतरण्यापूर्वी करावा लागतो. खुल्या महासागरात हजार भाग पाण्यात ३५ भाग मीठ असतं. कतारच्या पूर्वेला ते चाळिशी ओलांडतं आणि पश्चिमेच्या सलवा आखातात दक्षिणेकडे जावं तसं ५५ च्याही वर जातं, कारण तिथे ऊन पाणी उडवून नेतं आणि नवं पाणी आत यायला वाट अरुंद आहे. मीठ हजारी दहानं वाढलं की पाण्याची घनता साधारण पाऊण टक्क्यानं वाढते. सामानासकट शंभर लिटर जागा व्यापणाऱ्या पाणबुड्याला त्यामुळे पाऊण किलो शिसं जास्त बांधावं लागतं. मालवणात जेवढ्या वजनावर तुम्ही सहज खाली गेला असाल, तेवढ्यावर दुखानला तरंगतच राहाल. म्हणून प्रत्येक किनाऱ्यावर आधी कमरेएवढ्या पाण्यात वजन तपासायचं, आणि गाडीत एक-दोन किलोचे जादा तुकडे ठेवायचे.

दक्षिण : मेसाइद ते खोर अल अदैद

पहिली बुडी मेसाइदच्या बाजूला घ्यावी. दोह्याचे बहुतेक नवे पाणबुडे इथेच शिकतात. सीलाइनकडे जाताना लागणाऱ्या किनाऱ्यावर 'ओल्ड क्लब' नावानं ओळखली जाणारी जागा त्यांच्या अड्ड्यांपैकी एक. काठावरून चालत आत शिरायचं, उतार सौम्य, खोली दहा मीटरच्या आसपास. सामान नीट बसलं आहे का, कान मोकळे होतात का, बरोबरच्या जोडीदाराशी खुणा जुळतात का, हे पाहायला याहून सोयीचं पाणी नाही. मागे औद्योगिक शहराच्या चिमण्या दिसतात. त्यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही. तेल आणि वायूच्या कारखान्यांचे फोटो काढणं इथे महागात पडू शकतं.

सीलाइनला डांबर संपतं आणि वाळूचे डोंगर सुरू होतात. इथून पुढे खोर अल अदैद. आखाताच्या मुख्य समुद्रातून एक चिंचोळी खाडी दहाएक किलोमीटर आत येते आणि वाळवंटाच्या पोटात पसरते. पलीकडचा काठ सौदी अरेबियाचा. इंग्रजी पाट्यांवर या जागेला 'आतला समुद्र' असं नाव आहे. नदी-तळी नसलेल्या या देशाचं अंतर्गत पाणी म्हणायचं तर हेच. २००८ साली ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेलं.

इथली वाळू चालते. शमाल तिच्या चंद्रकोरीच्या टेकड्या आग्नेयेकडे ढकलत नेतो. पूर्वी वायव्येकडून नवी वाळू येत असे. समुद्र चढून तिन्ही बाजूंनी वेढा पडल्यावर ती आवक थांबली. उरलेल्या टेकड्या सरकत सरकत या पाण्याच्या काठाला येतात आणि वाळू उतारावरून थेट समुद्रात घरंगळते. उभ्या पिवळ्या उताराच्या पायाशी हिरवं पाणी, असा देखावा जगात फार थोड्या ठिकाणी आहे.

स्कुबासाठी मात्र ही जागा नवख्यांची नाही. आतला भाग उथळ आहे, आणि चिंचोळ्या तोंडातून भरती-ओहोटीचं पाणी जोरानं आत-बाहेर करतं. आम्ही सिलिंडर गाडीतच ठेवले आणि मास्क-स्नॉर्केलवर भागवलं. हिवाळ्यात रोहित पक्षी येतात, आणि मासे टिपणारी कैकर दिसते. पाण्याखाली जे मिळत नाही ते इथे काठावर मिळतं.

इथे पोचायला चारही चाकं ओढणारी गाडी हवी आणि वाळूत चालवायचा सराव असलेला चालक हवा. सीलाइनला चाकांतली हवा निम्म्यावर आणून घ्यायची, परतताना पुन्हा भरायची. ती सोय तिथे आहे. एकटी गाडी न्यायची नाही, किमान दोन हव्यात. टेकड्यांपेक्षा फसवा असतो तो सबखा, म्हणजे मिठाचा कडक पापुद्रा धरलेला सपाट भाग. वरून पक्का दिसतो, पण खाली चिखल. ताज्या चाकोऱ्या सोडून त्यावर गाडी घातली तर ट्रॅक्टर येईपर्यंत बसून राहावं लागतं. भाड्याच्या गाड्यांच्या करारात वाळवंटात नेण्यास बहुधा मनाई असते, ते कलम आधी वाचावं. नाहीतर दोह्याहून चालकासह गाडी करावी. सिलिंडर पट्ट्यांनी आवळून आडवे बांधले नाहीत तर पहिल्याच टेकडीवर ते डिकीत लोळू लागतात.

पश्चिम : दुखानच्या वाटेवर

वारा पडलेला किंवा आग्नेयेचा असेल त्या सकाळी पश्चिम गाठावी. दुखानचा महामार्ग सरळसोट आहे आणि वेग टिपणारे कॅमेरे प्रत्येक टप्प्यावर आहेत. वाटेवर, सलवा रस्त्याच्या बाजूनं थोडी वाकडी वाट केली तर मुसफुर नावाचं विवर लागतं. जमिनीखालचा जिप्सम आणि चुनखडी विरघळून हा खड्डा पडला आहे. अशी विवरं कतारच्या मध्यभागात बरीच आहेत. दोह्यातल्या दह्ल अल हमामच्या तळाशी भूजल दिसतं. कुठलंही पाणी दिसलं की पाणबुड्याचे हात शिवशिवतात, पण ही विवरं पाहायचीच. गुहेतल्या पाण्याचं शिक्षण वेगळं असतं, आणि वर यायला सरळ वाट नसलेल्या जागी हौशी माणसानं उतरू नये.

दुखान म्हणजे कतारच्या तेलाचं जन्मस्थान. पहिली विहीर १९३८ साली खणायला घेतली, तेल लागलं, आणि दुसऱ्या महायुद्धात विहिरी बुजवून ठेवाव्या लागल्या. १९४९ च्या अखेरीस पहिलं तेलवाहू जहाज निघालं ते पूर्वेच्या मेसाइदहून, कारण पश्चिमेचं पाणी मोठ्या जहाजांसाठी फार उथळ. आपण ज्या दोन किनाऱ्यांत बुड्यांसाठी ये-जा करतो, त्यांना जोडणारी पहिली वाट तेलाच्या नळानं घालून दिली.

दुखानच्या दक्षिणेला उम्म बाब. सिमेंटच्या कारखान्यानं ओळखला जाणारा हा किनारा वारा नसलेल्या दिवशी काठावरून उतरायला चांगला. इथे वर सांगितलेलं जादा शिसं लागतं. पाणी इतकं खारट की रेग्युलेटर तोंडात नीट धरला नाही तर पुढचा तासभर जिभेला चव उरत नाही. बाहेर आल्याबरोबर सामानावर मिठाचे पांढरे चट्टे उठतात. काठावर गोड्या पाण्याचा नळ असेलच असं नाही, म्हणून वीस लिटरचे दोन कॅन घरून भरून न्यावे, नाहीतर झडपा आणि झिपा काही दिवसांत गंजून-गोठून बसतात.

याच पाण्यात, कतार आणि बहारीनच्या मधल्या समुद्री गवताच्या कुरणांत, डुगाँग चरतात. ऑस्ट्रेलियाखालोखाल जगातली सर्वात मोठी डुगाँगसंख्या या आखातात आहे, आणि १९८६ साली इथे विमानातून सहाशेहून अधिक डुगाँगांचा एकच कळप मोजला गेला होता. बुडी मारताना डुगाँग भेटण्याची आशा धरू नये. तो लाजाळू आहे आणि गढूळ पाण्यात चरतो. कयाक किंवा बोट घेऊन त्याच्या शोधात पश्चिमेकडे वल्हवत जाणं तर टाळावंच. समोरची हवार बेटं कतारच्या किनाऱ्याला अगदी लागून असली तरी बहारीनची आहेत. आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मार्च २००१ मध्ये तसा निकाल दिला; त्याच निकालात झुबारा कतारकडे राहिलं. समुद्रातली ही सरहद्द डोळ्यांना दिसत नाही, तटरक्षकांना दिसते.

परतताना झिक्रीतला जावं. चुनखडीच्या पांढऱ्या पठारात रिचर्ड सेरा या अमेरिकन शिल्पकारानं २०१४ साली पोलादाच्या चार उंच पट्ट्या एका ओळीत उभ्या केल्या आहेत, किलोमीटरभराच्या अंतरात. दुपारच्या दोन बुड्यांनंतर पायांत उरलेली शक्ती तिथपर्यंत चालायला पुरते.

उत्तर : तिवरं, कासवं आणि मोती

उत्तरेच्या रस्त्यावर स्कुबा कमी आणि पाण्याचा इतिहास जास्त. अल खोरजवळ जझीरत बिन घन्नाम या छोट्या बेटावर लाखो समुद्री शंखांचे तुकडे सापडले. साडेतीन हजार वर्षांपूर्वी इथे शंख फोडून जांभळा रंग काढत, म्हणून त्याला जांभळं बेट म्हणतात. पुढे थखिराच्या खाडीत तिवरांचं रान आहे. आपल्या कोकणातल्या खाड्यांत उभं असतं त्याच कुळातलं झाड, पण इथे गोड्या पाण्याचा थेंब न मिळाल्यानं बुटकं राहिलेलं. कयाक भाड्यानं मिळते. भरती पाहून जावं, ओहोटीत चिखलच उरतो.

फुवैरितच्या वाळूत एप्रिल ते जुलै या काळात हॉक्सबिल कासवं अंडी घालतात, आणि तेव्हा तो किनारा लोकांसाठी बंद ठेवतात. वेळासची कासवं पाहिलेल्या माणसाला याचं कारण सांगावं लागत नाही. त्यापुढे अल जुमैल हे ओस पडलेलं कोळ्यांचं गाव, ढासळलेल्या भिंतींत एक मिनार उभा. आणि वायव्य टोकाजवळ अल झुबारा, २०१३ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात असलेलं कतारमधलं एकमेव स्थळ.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कुवेतकडून आलेल्या व्यापाऱ्यांनी हे शहर मोत्यांच्या पैशावर उभारलं. १८११ साली ते जाळलं गेलं. नंतर थोडं सावरलं, पण पूर्वीचं वैभव परतलं नाही आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ते ओस पडलं. वाळूखालून आता घरं, अंगणं, बाजार वर आले आहेत. मोत्यांची मुख्य बाजारपेठ होती आपली मुंबई. आखातातला माल तिथे निवडला जाई, भोकं पाडून ओवला जाई आणि पुढे पॅरिस-लंडनला जाई. आजीच्या नथीतले बसरा मोती ज्या समुद्रातून आले, त्याचा हाच उथळ तळ. या व्यापारामुळेच इथे भारतीय रुपया चाले. १९५९ साली रिझर्व्ह बँकेनं आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या, आणि कतारनं रुपया सोडला तो १९६६ च्या अवमूल्यनानंतर.

मोती काढणाऱ्या पाणबुड्याला, म्हणजे गैसला, हवेची टाकी नव्हती. नाकावर कासवाच्या पाठीचा किंवा हाडाचा चिमटा, बोटांना चामड्याच्या टोप्या, गळ्यात जाळीची टोपली आणि पायाला बांधलेला दगड. दगडानं तो झपकन तळाशी जाई, दहा-वीस मीटरवर मिनिटभर शिंपले गोळा करी आणि दोरीला हिसका दिला की वरचा सैब त्याला ओढून घेई. थोडा दम घेऊन पुन्हा खाली, दिवसभर. बहुतेक शिंपल्यांत काहीच नसे. हंगामापूर्वी घेतलेली उचल नोखद्याकडे, म्हणजे बोटीच्या नाखव्याकडे, कर्ज म्हणून राही, आणि पुष्कळांचं ते आयुष्यात फिटत नसे. जपानी संवर्धित मोती आणि १९२९ नंतरची जागतिक मंदी यांनी हा धंदा बुडवला. मग दुखानचं तेल आलं.

गाडी जिथे पोचत नाही

कतारच्या पाण्यातला सर्वात मोठा मासा पाहायला मात्र रस्ता उपयोगाचा नाही. ईशान्येला, किनाऱ्यापासून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर अल शाहीन हे तेलक्षेत्र आहे. मे ते सप्टेंबर तिथे तेलाच्या फलाटांभोवती व्हेल शार्क जमतात, कधी कधी एका वेळी शंभराहून अधिक. ट्यूना कुळातल्या माशांची अंडी खायला ते येतात. फलाटांवरच्या कामगारांनी काढलेल्या फोटोंमुळे संशोधकांचं तिकडे लक्ष गेलं आणि २०१० च्या सुमारास पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. सुरक्षेसाठी त्या भागात मासेमारीला बंदी आहे आणि त्याचा फायदा या माशांना झाला. हौशी पाणबुड्यांना तिथे मोकळीक नाही. अलीकडे परवाना असलेल्या बोटींतून उन्हाळ्यात सहली निघतात, पण पाहायचं ते डेकवरूनच.

बेत आखताना

काळ निवडावा ऑक्टोबरअखेर ते डिसेंबर, किंवा एप्रिल. नोव्हेंबरात पाणी अजून पंचविशीच्या आसपास असतं आणि दुपार सोसवते. तीन मिलिमीटरचा वेटसूट चालतो. जानेवारीत पाच मिलिमीटरचा हवा. जून ते ऑगस्ट टाळावा. पाणी गरम म्हणून नव्हे, काठावर चाळीस-पंचेचाळीस अंशांत जड सामान चढवताना माणूस पाण्याआधीच थकतो म्हणून. भरलेले सिलिंडर बंद गाडीत उन्हात ठेवणं तर कोणत्याच महिन्यात नको, आतला दाब वाढत जातो.

प्रमाणपत्राशिवाय सिलिंडर मिळत नाही. आपल्याकडे मालवणला बोटीवाल्यानं हात धरून दहा मिनिटं पाण्याखाली फिरवलेलं असतं आणि आपण 'स्कुबा केलंय' असं सांगतो. तो अनुभव चांगला, पण परवाना नव्हे. पाडी, बीएसएसी किंवा तत्सम संस्थेचा किमान प्राथमिक कोर्स हवा. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाच्या स्कुबा संस्थेत तो करता येतो. दोह्यात भाड्यानं सामान आणि सिलिंडर भरून देणारी दुकानं आहेत. दोहा सब-अॅक्वा क्लबसारख्या मंडळींत स्थानिक पाण्याची माहिती असलेली माणसं भेटतात. काठावरच्या बुडीला दुकान गाठून जाणंच बरं, कारण कुठला किनारा तूर्त बंद आहे ते त्यांना ठाऊक असतं. टाकी पाठीवर घेऊन भाल्यानं मासे मारण्यास बंदी आहे.

व्हिसाच्या अटी बदलत राहतात; भारतीयांनी 'हय्या' या सरकारी संकेतस्थळावर त्या पाहून घ्याव्या. आंतरराष्ट्रीय वाहन परवाना न्यावा. वाहतूक उजवीकडून चालते आणि दारू पिऊन गाडी चालवणं कुठल्याही प्रमाणात माफ नाही. शुक्रवार-शनिवार सुट्टी असल्यामुळे सीलाइनला गर्दी उसळते, त्यामुळे शक्यतो रविवार ते गुरुवार निघावं. सार्वजनिक किनाऱ्यांवर वेटसूट काढल्यावर अंग झाकणारे कपडे घालावे. संकटात फोन ९९९. बुडीनंतरच्या त्रासावर दाबकक्षात उपचार करणारं सर्वात जवळचं रुग्णालय कोणतं, हे पहिल्या दिवशीच दुकानात विचारून कागदावर लिहून गाडीत ठेवावं.

एक सुख मालवणपेक्षा इथे जास्त आहे. मालवणात दोन बुड्या मारून त्याच संध्याकाळी आंबोली किंवा गगनबावड्याचा घाट चढणारे अनेकजण आहेत. आंबोली ६९० मीटरच्या आसपास. रक्तात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायच्या आत एवढी उंची गाठणं शहाणपणाचं नाही. कतारचा सर्वात उंच बिंदू १०३ मीटर. परतीच्या रस्त्याची चिंता नाही.

कोरडा दिवस

विमानाची मात्र चिंता आहे. लागोपाठ बुड्या झाल्या असतील तर शेवटच्या बुडीनंतर किमान अठरा तास विमानात बसू नये, हा जगभर मानला जाणारा नियम. म्हणजे बेतातला शेवटचा दिवस कोरडा. तो हॉटेलात लोळून घालवू नये. ज्याँ नूव्हेलनं वाळवंटी गुलाबाच्या आकारात बांधलेल्या, २०१९ साली उघडलेल्या राष्ट्रीय संग्रहालयात घालवावा.

तिथे बडोद्याचा मोत्यांचा गालिचा आहे. खंडेराव महाराज गायकवाडांनी १८६५ च्या सुमारास तो करवून घेतला, मदिनेला पैगंबरांच्या समाधीवर अर्पण करण्यासाठी. १८७० साली ते वारले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. हरणाच्या कातड्यावर ओवलेले मोती पंधरा लाखांच्या आसपास, सगळे याच आखातातले. मध्ये हिरे, माणकं, नीलम, पाचू. मार्च २००९ मध्ये दोह्यातच झालेल्या लिलावात तो सुमारे ५५ लाख डॉलरना विकला गेला. ज्या पाण्यातून मोती मुंबईमार्गे बडोद्याला गेले, त्याच पाण्याच्या काठी ते परतले आहेत.

तो पाहताना मला त्या गैस लोकांचं वेळापत्रक आठवत राहिलं. त्यांचा मोठा हंगाम ऐन उन्हाळ्याचा, आपण टाळतो तोच. कारण साधं होतं. अंगात वेटसूट नव्हता, आणि दिवसभर बुडायचं तर पाणी उबदार हवं. आपण कोरड्या हवेतल्या सुखासाठी हिवाळा निवडतो, ते तळावरच्या तासांसाठी उन्हाळा निवडत. पण वारा उलटला की त्यांचंही काम थांबे, तारू आडोशाला नेऊन उभं करावं लागे. ती मुभा आपल्या बेतातही हवी. चार दिवस बुड्यांची योजना असेल तर सहा दिवस हाताशी ठेवा. उरलेले दोन शमाल घेईलच, आणि नाही घेतले तर झुबाराला एक सकाळ जास्त मिळेल.